नितळ पाण्याचा दोर

आबा घरात अहिराणी बोलत आणि पत्रकात प्रमाण मराठी. बोलता बोलता ते प्रमाण मराठीवर आले की माय चुलीतलं लाकूड मागे ओढायची, मी दप्तर आवरायची आणि अक्का मागच्या दाराने निंबाखाली जाऊन बसायची. आता कुणाचा तरी जाहीर निषेध होणार हे आम्हा तिघींना कळलेलं असे. शिरपूरला आमच्या घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत आबांचं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं. पोटासाठी त्यावर लग्नपत्रिका आणि जिनिंगच्या पावत्या छापल्या जात, आणि ते झालं की उरलेल्या शाईत आबांची पत्रकं. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदाची. मी अक्षर ओळखायला शिकले ते पाटीवर नाही, छपाईच्या शिशाच्या उलट्या खिळ्यांवर. आमच्याकडे फडताळात पत्रकं अंथरलेली, भाकरी पत्रकात बांधलेली. हुंडा, बुवाबाजी, धरणाचं पाणी, मजुरी. जगात अन्याय किती प्रकारचे असतात हे मला कोणत्या फळीवर काय ठेवलंय त्यावरून पाठ होतं. सतरा वर्षांची होईतो मीही तसंच लिहू लागले होते, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. आबा केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, खिळे जुळवताना म्हणायचे, "बेबी, केसमधले उद्गारचिन्हं सरी गयात. आते जरा सबुरीनं राग कर."

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला या कशात गोडी नव्हती. ती पत्रकांच्या घड्या घालायची, सुबक घालायची, पण वाचायची नाही. तिची गोडी नदीत. माय माळकरी, त्यामुळे मासा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. निंबाखाली बाहेरची चूल होती आणि मासळीची काळी पडलेली पातेली वर्षभर पत्र्यावर पालथी पडलेली असे. ती पातेली खाली उतरली की माय नाकाला पदर लावून ओरडायची, "मासाना हात घरमा लावू नका! आंघोळ करीसन या!" आणि मग खोबरं भाजल्याचा वास सुटला की स्वतःच खिडकीत येऊन सांगायची की मसाला करपतोय, कांदा अजून परतायला हवा. न खाणाऱ्या बाईच्या देखरेखीखाली शिजलेली तशी मासळी मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

सुट्टीच्या दिवशी आबा आणि अक्का सायकलवरून तापीवर जात. मी मोठी झाल्यावर मीही. दोघंही गळ टाकणारे, पण त्यांचं एका गोष्टीवर कधी जमलं नाही, ती म्हणजे दोर. आबांना जाड दोर लागे. बाजारात जाळ्यांच्या दुकानात तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोराच्या, लडी टांगलेल्या असत, त्यातली सगळ्यात दणकट लड ते मुठीत ओढून बघत आणि घेत. त्याला वजन म्हणून मथळ्याच्या मोठ्या टाइपातला झिजलेला खिळा बांधत. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात त्यांना भरपूर मासे लागायचे, तेव्हा ते अक्काकडे बघून मिशीत हसायचे. पण उन्हाळ्यात तापी आटते. वाळूत खरबुजांच्या डांगरवाड्या लागतात, नदी डोहाडोहांत तुटते आणि पाणी असं नितळ होतं की तळाचा दगड हाताने उचलावासा वाटतो. त्या पाण्यातला रोहू फार सावध असतो. तो आमिषापाशी येतो, थांबतो, भोवती फिरतो. दोर चमकला, दोराची सावली वाळूवर पडली की शेपटीचा एक फटका, आणि मग तो दिवसभर तिकडे फिरकत नाही.

त्या पाण्यासाठी अक्काचा दोर वेगळा. ती दुकानात अर्धा तास लावायची, दुकानदार वैतागायचा. बारीक लड ती आभाळाकडे धरून बघायची, मग दोन ओठांत धरून हळू ओढायची, कुठे खरखर लागते का ते बघायला. खरखर लागली की तिथे तो तुटणार. घरी आणून बाभळीच्या सालीच्या उकळलेल्या पाण्यात ती लड भिजत घालायची, म्हणजे तिची चमक जाऊन ती नदीच्या तळासारखी तपकिरी होई. मग दोन निंबांच्या मध्ये ताणून ठेवायची, वेटोळी मोडायला. वजनाला तिला लागायचा पूर्णविराम. केसमधला सगळ्यात अरुंद खिळा तो, पाण्यात पडला तरी आवाज होत नाही. आबा म्हणायचे, मना बठ्ठा पूर्णविराम नदीमा गयात, म्हनीसन मनं भाषन सरत नही.

"आबा, हाऊ दोर जाड शे. मासा देखस त्याले," ती सांगायची.

"देखस तर देखू दे. तुटाले नको."

"बारीक बी तुटाव नही. त्यानी वढं की आपन देवानं, तो थांबना की आपन लेवानं."

"इतली मिजास मी मंत्रीनी सुद्धा ठेवी नही, मासानी काय ठेवू?" आबा म्हणायचे, आणि डोहाच्या दुसऱ्या काठाला जाऊन बसायचे.

अक्काचं लग्न झालं ते पत्रकातल्यासारखंच. शिंदखेड्याच्या पुढे एका गावात नाना नावाचे आबांचे जुने सहकारी राहत, हुंडाविरोधी सभांमधून दोघं एकाच व्यासपीठावर बोललेले. नानांचा मुलगा वरणगावच्या कारखान्यात नोकरीला होता. बॅंड नाही, हुंडा नाही, आंदण नाही. दोन हार, तीन भाषणं आणि प्रत्येकाला सरबताचा पेला. आबांनी त्या लग्नाचं पत्रक काढलं, त्यावर अक्काचं नाव मोठ्या टाइपात. ते खिळे मीच जुळवले होते आणि मला इतका अभिमान वाटला होता की शाई वाळायच्या आत मी एक पत्रक छातीशी धरलं, फ्रॉकवर अक्काचं नाव उलटं उमटलं. नानांनी पत्रकांचा एक गठ्ठाच आपल्या गावी वाटायला नेला. आमच्याकडे मुलगी सासरी जाते ती आपल्या बापाचं नाव कोरलेली भांडी घेऊन. ती सासरच्या मांडणीवर ओळीने लागतात, शेजारणी येऊन नावं वाचतात. अक्का रिकाम्या हातांनी गेली आणि आम्हाला ते विजयासारखं वाटलं. मला आजही हुंडा घेणारा माणूस चोरच वाटतो. त्या पत्रकातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. पण त्या मांडणीपुढे रोज उभी राहणार होती अक्का. आम्ही सगळे सरबत पिऊन घरी आलो होतो.

दुसऱ्या वर्षी ती आखाजीला माहेरी आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. गल्लीतल्या निंबांना झोके बांधलेले, दुपारभर पोरींची गाणी, खापरावर पसरत जाणाऱ्या पुरणपोळ्या आणि परातीत आमरस. माय खापरापाशी घामाघूम होऊन बसलेली आणि अक्का तिच्या शेजारी. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या.

"जेवस नही का व तू तठे?" मायने विचारलं.

"जेवस ना, माय."

"मंग वाळी कशी गई?"

"ऊन कितलं शे," अक्का म्हणाली आणि पोळी उलटली.

झोक्यावर ती बसली नाही. मैत्रिणी ओढायला आल्या, तर पाय दुखतो म्हणाली. जेवताना मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ताट पुढे आलं की ती आधी त्यावरून बोट फिरवायची, पुसल्यासारखं, आणि बोट बघायची. मी तिला चिडवलं, "काय व, आमचं भांडं घाण शे का?" ती दचकली आणि ताट मांडीजवळ ओढून घेतलं. माझं हसू तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, नदीवर जाऊ. तिची जुनी लड काडीला गुंडाळलेली, खुंटीवर तशीच होती. तिने ती सगळी उलगडली, ओठांतून ओढत गेली, एके ठिकाणी थांबली, तिथे तोडून नवी गाठ मारली, गाठ थुंकीने ओली करून घट्ट केली. आबा नेहमीप्रमाणे पलीकडच्या काठाला जायला निघाले, तर ती म्हणाली, "आबा, आज आठेच बठा." आबा बसले. त्यांनी स्वतःचा दोर टाकलाच नाही. मला वाटतं, त्यांनाही काहीतरी कळलं होतं. डांगरवाडीतल्या म्हाताऱ्याने आम्हाला एक फुटलेलं डांगर दिलं होतं, त्याचा गोड वास वाळूवर पसरला होता. अक्काने ढेप आणि कणकेची गोळी गळाला लावली, दोर टाकला. मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली. गळ टाकून बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, सगळे काडीकडे बघतात. त्या काडीकडे बघतच ती बोलली.

सासूने पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, तुझं ताट कोणतं? मांडणीवर प्रत्येक सुनेचं भांडं होतं, तिच्या बापाच्या नावाचं. अक्काचं नव्हतं. तेव्हा सासूने त्या गठ्ठ्यातलं एक पत्रक तिच्यापुढे जमिनीवर अंथरलं आणि त्यावर भाकरी टाकली. "तुना बापनी हाई ताट दिधं शे. ह्यावरच खा." त्या दिवसापासून तेच. कालवण कागदातून गळून जातं म्हणून कोरडी भाकरी. भाकरीला शाई लागायची. नवरा वरणगावहून सुट्टीला आला की तिला ताट मिळायचं, तो गेला की पुन्हा कागद. नाना बघायचे आणि पेपर वाचायला ओसरीवर जायचे.

"दाजीले सांगं नही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"हाळू बोल. मासा शे खाले." ती काडीवरून नजर न काढता म्हणाली. मग म्हणाली, "सांगं. तुना दाजी म्हने, मायले बोली पाहसू. बोलनात बी. मंग सासू चार दिन बोलनीच नही मनासंगे."

आबांच्या हातातली डांगराची फोड तशीच राहिली होती, रस मनगटावरून ओघळत होता. अक्का म्हणाली, "आबा, पानी पडस तठलोंग माले आठे ऱ्हाऊ द्या. दुखनं शे म्हना, काही बी म्हना. मी त्यासले वरणगावले खोली देखाले सांगेल शे. त्या देखी ऱ्हायनात. खोली भेटनी का मी तथी जासू. फक्त कोनले काही सांगू नका. पत्रक नका काढू, आबा."

आबांनी फोड वाळूवर ठेवली, मनगट पुसलं. मग म्हणाले, "नही काढाव." अहिराणीत म्हणाले, म्हणून मला खरं वाटलं.

आणि तेवढ्यात काडी गेली. थरथरली नाही, सरळ खाली गेली. अक्का उठून उभी राहिली आणि तिचा चेहरा एकदम पूर्वीचा झाला. मासा मोठा होता. त्याने डोहाच्या खोल कडेला धाव घेतली, तिने बोटांतून दोर जाऊ दिला, तो थांबला तशी वीतवीत परत घेतला. पुन्हा धाव, पुन्हा दिला. वाळूत तिची पावलं मागेपुढे होत होती आणि ती त्याच्याशी पुटपुटत होती, जाय बाबा, जाय, आते ये. शेवटी तो काठाजवळ आला, कुशीवर झाला, त्याची लालसर खवलं आम्हाला दिसली. आबांना राहवलं नाही. "आला!" असं ओरडत ते पाण्यात शिरले आणि त्यांनी दोर मुठीत धरून जोरात ओढला. एक बारीकसा आवाज झाला. मासा क्षणभर तसाच पडून राहिला, त्यालाही कळलं नसावं, आणि मग गेला.

"म्हनीसन सांगस, जाड दोर लेत जाय," आबा ओशाळून म्हणाले.

"दोर तुटनारा नव्हता, आबा. मधमा हात कोनी घाला?" अक्का हसत होती. त्या आखाजीला मी तिला तेवढंच हसताना पाहिलं.

आबांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला, हे मी लिहून ठेवते. मायलाही त्यांनी सांगितलं नाही. ते मशीनवर दात आवळून काम करत, पायटा असा मारत की भिंतीवरचं कॅलेंडर हले. अक्का आता आमरसाची वाटी पुसून खात होती, तिच्या बांगड्या मनगटाकडे उतरू लागल्या होत्या. वरणगावहून दाजींचा निरोप आला, एक खोली बघितली आहे, घरमालक पुढच्या महिन्यात रिकामी करून देतो म्हणतोय. तो निरोप आला त्या दिवशी अक्काने बाभळीची साल आणून नवी लड रंगवायला घातली.

आणि मग शिरपुरात एक सभा झाली. हुंडाबंदीवरच. नाना वक्ते. आबा आणि मी मागे उभे होतो. नाना म्हणाले, माझ्या घरी या, बघा, एकही भांडं न घेता आणलेली सून आम्ही कशी तळहातावर ठेवली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आबांकडे बघितलं. घरी येताना ते सायकल हातात धरून चालत होते आणि स्वतःशी प्रमाण मराठीत बोलत होते. "हा ढोंगीपणा आहे. हे सहन करणे म्हणजे त्यात सहभागी होणे आहे." मला ते पटलं. सतरा वर्षांच्या मुलीला ते न पटेल तर काय पटेल? ढोंगीपणा तर होताच.

अक्का त्या दिवशी मायबरोबर मावशीकडे गेली होती. ती परत आली तेव्हा पत्रकं छापून झाली होती. पिवळ्या कागदाची. मथळ्याला सगळ्यात मोठा टाइप, त्यात तिचं नाव, नानांचं नाव, गावाचं नाव, आणि खाली कागदाच्या ताटाची सगळी हकिगत. अर्धी वाटूनही झाली होती, शिंदखेड्याच्या गाडीतून एक गठ्ठा पुढे गेला होता. अक्का दारात उभी राहिली. तिने एक पत्रक उचललं, वाचलं. ती पत्रक पूर्ण वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिने त्याची घडी घातली, तिच्या सवयीची सुबक घडी, आणि म्हणाली, "आबा, तुम्ही तर आखो कागदना ताटं छापी टाकात."

पण पत्रकाचा परिणाम झाला, चांगला झाला, असंच तेव्हा सगळे म्हणाले. गावोगावची माणसं जमली, नानांना त्यांच्याच गावच्या पारावर सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. सासूने नवं कोरं ताट आणलं, त्यावर आबांचं नाव कोरून. कुणीतरी अक्काच्या हातात ते ताट दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका मोठ्या माणसाने माइकवरून विचारलं, "काय ताई, आता नांदणार ना?" एवढ्या माणसांत ती काय बोलणार? तिने मान हलवली. दाजी पाराच्या खाली, चपला काढल्या होत्या तिथे उभे होते. आईची अशी चारचौघांत शोभा झालेला मुलगा आता बायकोला घेऊन वेगळी खोली करणार नव्हता. ते मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं. अक्काला तर माझ्या आधीच कळलं असेल.

तिचे पुढे हाल झाले असं कुणी म्हणू शकलं नसतं. तिला ताट होतं, ताटात कालवण होतं. त्या घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, एवढंच. सासू शेजारणींना सांगायची, आम्ही नाही बा बोलत, छापून येतं. मी भेटायला गेले की अक्का चहा करायची, मायची चौकशी करायची. मी विचारलं की "चांगलं शे" म्हणायची. मी फिरवून फिरवून विचारायचे, हळू विचारायचे, तिच्याच पद्धतीने. ती आमिषापाशीसुद्धा येत नसे. नंतरच्या आखाजीला तिला कुणी पाठवलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही मागितलं नाही. त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. अंगावर काढली, कुणाला सांगितली नाही. तिच्याशी बोलणारंच कुणी नव्हतं, तर सांगणार कुणाला? आम्हाला सांगावा मिळाला तेव्हा वाटेतल्या बुराई नदीला पूर होता. पलीकडे पोचलो तोवर उशीर झाला होता. मायने ते ताट मागून घेतलं. ते आमच्या मांडणीवर कधी लागलं नाही, मायच्या ट्रंकेत होतं.

मी पुढे आयुष्यभर लिहीतच राहिले. भांडले, मोर्चात गेले, माझ्यावरही लोकांनी पत्रकं काढली. आबांनी मात्र त्यानंतर एकही पत्रक छापलं नाही. लोक मजकूर घेऊन यायचे, ते म्हणायचे, खिळे झिजलेत. अक्काच्या दशक्रियेची पत्रिकाही त्यांनी छापली नाही. ते तिचं नाव जुळवायला गेले, खिळे ओळीत लावायची स्टिक हातात घेतली, आणि केसपुढे नुसतेच उभे राहिले. मीही तिथेच होते. मला म्हणाले नाहीत की तू जुळव, आणि मी पुढे झाले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा ते म्हणाले, चाल, नदीवर जाऊत. डोह तोच होता, पाणी तसंच तळापर्यंत दिसत होतं. आबांनी पिशवीतून दोन लडी काढल्या. एक त्यांची जाड. दुसरी अक्काने त्या आखाजीला बाभळीच्या पाण्यात रंगवलेली, निंबांमध्ये ताणायची राहून गेलेली. तिची वेटोळी अजून तशीच होती. आबांनी ती ओठांत धरली आणि अक्कासारखी हळूहळू ओढून बघितली. त्यांना काही कळलं नसावं. तरी शेवटपर्यंत ओढली. मग दोन्ही लडी दोन हातांत माझ्यापुढे धरल्या. ज्या माणसाने आयुष्यात कुठल्याही प्रश्नावर कुणाला विचारलं नव्हतं, तो मला विचारत होता, "बेबी, कोनता लावू?"

खाली वाळूवर रोहू फिरत होते, स्पष्ट दिसत होते. मला माहीत होतं कोणता लावायचा. सगळ्यांनाच माहीत होतं. मी काही बोलले नाही. आबांनी दोन्ही लडी पिशवीत ठेवल्या, आणि आम्ही मासे बघत बसलो.